शेलापागोटे, राखी आणि कट्टा : महाविद्यालयीन मैत्रीच्या रूढींचा एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत विषयांची यादी असते, शुल्काचे कोष्टक असते, उपस्थितीचे नियम आणि ग्रंथालयाच्या वेळा असतात. कोणत्या कट्ट्यावर कोणी बसावे, पिवळा गुलाब कोणाला द्यावा आणि लाल कोणाला, राखीपौर्णिमेच्या आसपास कोणत्या मुलांनी वर्गात फिरकू नये, हे मात्र तिच्यात कोठेही छापलेले नसते. तरीही पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हे सारे शिकलेला असतो. परीक्षा न घेता इतका अभ्यासक्रम पुरा करून घेणारी ही दुसरी शाळा कोणती, ती काय शिकवते आणि तिच्यात नापास कोण होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय थट्टेचा वाटण्याचा संभव आहे. मैत्री, प्रेम, गुलाब हे शब्द वार्षिकांकात कवितेच्या पानांवर शोभतात, अभ्यासलेखात नव्हे, असे काही मित्रांचे म्हणणे पडेल. परंतु समाजशास्त्राचा विद्यार्थी पाठ्यपुस्तकात आदिवासी जमातींचे विधी वाचतो, तेव्हा तेच डोळे आपल्या कँटीनकडे वळवायला काय हरकत आहे? शिवाय या विषयात खरोखर काही पणाला लागलेले असते. एका चिठ्ठीमुळे, एका गुलाबामुळे किंवा एका छायाचित्रामुळे एखाद्या मुलीचे शिक्षण थांबते, एखादा मुलगा वर्ष सोडून गावी निघून जातो. अशी उदाहरणे ज्याच्या कानावर आली नाहीत असा विद्यार्थी सापडणे कठीण.

१. रूढी म्हणजे काय?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ मध्ये 'फोकवेज' हा ग्रंथ लिहिला. लोक रोजच्या गरजा भागवताना ज्या वाटा पाडतात आणि पुढच्यांनी ज्या वाटांवरून न विचारता जायचे असते, त्या लोकरीती असे त्यांचे सांगणे होते. गरज आधी, वाट नंतर. तेव्हा कोणत्याही रूढीसमोर उभे राहिल्यावर विचारण्याचा पहिला प्रश्न असा : ही कोणती गरज भागवते?

महाविद्यालयातील गरज उघड आहे. सतरा-अठरा वर्षांपर्यंत बहुतेक मुलामुलींचे जग घर, नातेवाईक आणि शाळा यांनी आखलेले असते. त्या जगात प्रत्येक माणसाला नाते चिकटलेले असते. काका, मामी, ताई, वहिनी, शेजारचे आजोबा. महाविद्यालयात प्रथमच असा माणूस भेटतो की ज्याला कोणत्याही नात्याने हाक मारता येत नाही. त्याच्याशी बोलायचे कसे? घरात या प्रश्नाचे उत्तर शिकवलेले नसते. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांचा जो विस्तृत अभ्यास १९५३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, तो वाचताना एक गोष्ट जाणवते : आपल्या समाजात नात्यांच्या शब्दांची केवढी समृद्धी आहे! परंतु नात्याबाहेरच्या स्त्रीपुरुषाला एकमेकांशी सहज बोलता यावे यासाठी या भांडारात फारसे काही नाही. ती उणीव विद्यार्थ्यांनी स्वतःच्या रूढींनी भरून काढली.

फ्रेंच अभ्यासक व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींची जी मांडणी केली, तिचाही येथे उपयोग होतो. माणूस एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना तीन टप्पे पडतात : जुन्या जागेपासून तुटणे, मधल्या उंबरठ्यावर थांबणे आणि नव्या जागी सामावणे. महाविद्यालयाची वर्षे हा मधला उंबरठा आहे. विद्यार्थी आता मूल नाही आणि अजून गृहस्थही नाही. उंबरठ्यावरच्या माणसाला थोडी मोकळीक असते आणि धोकाही असतो. महाविद्यालयीन रूढींत या दोन्ही गोष्टी आढळतात.

२. थोडा इतिहास

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन मैत्रीचे सर्वांत थोर उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात घडले. १८७० नंतरच्या दशकात बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघे तेथे शिकत होते. सरकारी नोकरी न करता शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा त्यांचा निश्चय विद्यार्थिदशेतील चर्चांतूनच पक्का झाला. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली आणि १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघे मित्र डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर ते दुरावले. आगरकरांनी 'केसरी' सोडला व १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९५ मध्ये आगरकर वारले तेव्हा मृत्युलेख लिहिण्याचे काम टिळकांवर आले. कट्ट्यावर जमलेली मैत्री मतभेदाच्या भाराखाली वाकते, तथापि तिची मुळे किती खोल असतात, हे या उदाहरणावरून दिसते.

परंतु ही मैत्री पुरुषांची होती. त्या काळी महाविद्यालयात मुलीच नव्हत्या. त्याच डेक्कन कॉलेजात पुढच्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी यांनी प्रवेश घेतला आणि त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असा आग्रह आगरकरांनी धरला होता. समाजाला हे पचायला वेळ लागला. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले. सहशिक्षण हळूहळू रुजत गेले. आणि १९२५ ते १९५० च्या दरम्यान ना. सी. फडके यांच्यासारख्या लेखकांनी, जे स्वतः प्राध्यापक होते, महाविद्यालयीन प्रेमाला मराठी कादंबरीत हक्काची जागा मिळवून दिली. प्रत्यक्षात वर्गातल्या मुली पुढच्या दोन बाकांवर खाली मान घालून बसत असताना कादंबरीतली नायिका मात्र नायकाशी निर्भयपणे बोलत होती. पुष्कळशा वाचकांनी बोलण्याची पहिली उजळणी तिच्याकडूनच केली असेल.

इतिहासाचा आणखी एक धागा पुण्यामुंबईच्या बाहेरचा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढण्यास साहाय्य केले. ती बव्हंशी त्या त्या समाजासाठी वेगवेगळी होती, कारण त्याशिवाय मुले शहरात येऊन राहू शकत नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू झाले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. मैत्रीचा याहून मोठा विधी कोणता? ज्या काळात शेजारच्या आळीतले पाणी चालत नव्हते, त्या काळात एका चुलीवरची भाकरी वाटून खाणे ही केवळ सोय नव्हती. आजचे विद्यार्थी एका डब्यात चारजण हात घालतात तेव्हा त्यामागे हा इतिहास आहे, याची जाणीव ठेवावयास हवी.

३. कट्टा, कँटीन आणि तालीम

कट्टा ही मराठी महाविद्यालयांची खास संस्था आहे. तिला घटना नाही, सभासदत्वाचा अर्ज नाही. परंतु नवख्याला तेथे सहज बसता येत नाही. कोणी तरी त्याला हाक मारावी लागते. सुहास शिरवळकरांची १९८२ ची 'दुनियादारी' ही कादंबरी अशाच एका पुणेरी कट्ट्याभोवती फिरते, आणि २०१३ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटाने ती पुढच्या पिढीपर्यंत नेली. त्याआधी १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने खानदेशातून पुण्याला आलेल्या पांडुरंग सांगवीकराच्या रूपाने वसतिगृह, मेस, मित्रमंडळ आणि पैशांची ओढाताण यांचे चित्र उभे केले होते. पहिल्या कादंबरीत कट्टा हे घर आहे. दुसरीत माणसांच्या गर्दीतला एकटेपणा आहे. दोन्ही अनुभव खरे आहेत आणि बहुधा ते एकाच विद्यार्थ्याला येतात.

कँटीनमधील रूढींत पैशाचे सूक्ष्म व्यवहार दडलेले असतात. वाढदिवस ज्याचा, पार्टी त्याची, ही एक रूढी. 'टीटीएमएम', म्हणजे तुझे तू माझे मी, ही दुसरी. तिसरी 'काँट्री', म्हणजे वर्गणी काढून बिल भागवणे. प्रथमदर्शनी टीटीएमएम कोरडे वाटते. परंतु मुलामुलींच्या मैत्रीच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची सुधारणा आहे. मुलानेच पैसे द्यायचे, या जुन्या पद्धतीत चहाच्या कपाबरोबर न बोललेले एक देणे येत असे. स्वतःचा चहा स्वतःच्या पैशाने घेतलेली मुलगी कोणाचे काही लागत नाही. उलट ज्याच्या खिशात परतीच्या एस.टी.पुरतेच पैसे आहेत, त्याला काँट्रीची हाक ऐकून ग्रंथालयात जाण्याची आठवण होते. वर्गात तो सर्वांचा मित्र असतो. कँटीनच्या दारात ती मैत्री संपते. रूढी कोणाला जवळ आणते हे पाहताना ती कोणाला दारातून परत पाठवते, हेही पाहिले पाहिजे.

तालीम हा तिसरा प्रकार. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ मध्ये सुरू झाली आणि एकांकिका हा महाविद्यालयीन जीवनाचा एक मोठा भाग बनला. तालमीचे नाट्यगुण बाजूला ठेवले तरी तिचे सामाजिक कार्य लक्षणीय आहे. 'मित्राबरोबर बोलत होते' हे कारण ज्या घरात चालत नाही, तेथे 'तालमीला उशीर झाला' हे कारण चालते. काम समान असले की मैत्रीला वेगळे कारण द्यावे लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, भित्तिपत्रक, वक्तृत्व मंडळ यांचेही तेच. घमेली उचलता उचलता जुळलेली ओळख ही गुलाब देऊन केलेल्या ओळखीपेक्षा अधिक टिकते, असे अनेकांचे निरीक्षण आहे; कारण तेथे दोघांनी एकमेकांना दमलेले, चिडलेले आणि चुकलेले पाहिलेले असते.

४. शेलापागोटे : थट्टेचा परवाना

स्नेहसंमेलनातील 'फिशपाँड' या कार्यक्रमाला मराठीत 'शेलापागोटे' असे छान नाव आहे. शेला आणि पागोटे हा मूळचा मानाचा पोशाख. तो येथे चिमटा काढणाऱ्या ओळीच्या रूपाने दिला जातो. विद्यार्थी निनावी चिठ्ठ्या पेटीत टाकतात आणि सूत्रसंचालक त्या सर्वांसमक्ष वाचून दाखवतो. कोणाच्या उशिरा येण्यावर, कोणाच्या केशरचनेवर, कोणाच्या एकाच बाकाकडे वळणाऱ्या नजरेवर ओळी असतात.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये 'थट्टेच्या नात्यां'वर एक प्रसिद्ध लेख लिहिला. ज्या नात्यात जवळीकही आहे आणि ताणही आहे, तेथे समाज थट्टेला मुभा देतो; म्हणजे ताण भांडणाशिवाय निघून जातो. आपल्याकडे दीर-भावजय आणि मेहुणा-मेहुणी ही अशी नाती आहेत. वर्षातून एकदा शिमग्याला सारा गावच हे नाते पत्करतो. शेलापागोटे हा महाविद्यालयाचा शिमगा आहे. एरवी ज्या प्राध्यापकांसमोर तोंड उघडत नाही, त्यांच्यावरही त्या सायंकाळी एक ओळ चालते आणि तेही हसून घेतात. उखाण्यातून नाव घेण्याची जी आपली परंपरा, तिचाही अंश येथे आहे. सरळ उच्चारता न येणारे नाव आडवळणाने घेतले जाते.

परंतु येथे तीन अटी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अट वेळेची : शिमगा संपला की शिव्याही संपतात. दुसरी अट चाळणीची : चिठ्ठ्या आधी कोणी तरी जबाबदार माणूस वाचतो आणि जातीवर, रंगावर, शरीरावर, घरच्या गरिबीवर लिहिलेल्या चिठ्ठ्या फाडून टाकतो. तिसरी अट परतफेडीची : ज्याच्यावर ओळ आली, त्यालाही पुढची ओळ लिहिता येते. या तीन अटी पाळल्या तर थट्टा सर्वांची होते. त्या मोडल्या तर उरतो तो फक्त एकाचा अपमान आणि बाकीच्यांचे हसू.

आज ही रूढी समाजमाध्यमांवर गेली आहे. अनेक महाविद्यालयांच्या नावाने निनावी 'कन्फेशन पेज' चालतात. वरवर पाहता ती शेलापागोट्यांचीच नवी आवृत्ती आहे. पण तिन्ही अटी तेथे नाहीशा झालेल्या दिसतात. तेथे सायंकाळ संपत नाही. चाळणी असलीच तर अज्ञात माणसाच्या हाती असते. आणि वाचणारे केवळ सभागृहातले शंभर-दोनशे नसून मुलीचा भाऊ, मावशी आणि गावातले शेजारीही असतात. पेटीतली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या मावशी केरात टाकीत. मोबाईलवर घेतलेला स्क्रीनशॉट कोणी झाडून काढत नाही.

५. राखी : बचाव आणि बुरखा

राखीपौर्णिमेला वर्गातील मुलांची उपस्थिती घटते, हा विनोद जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येतो. त्यामागची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. मागे लागलेल्या मुलाच्या हाताला मुलगी राखी बांधते आणि प्रकरण तेथे संपते. नकार देण्याची याहून सौम्य रीत शोधून सापडणार नाही. मुलाचा सर्वांसमक्ष पाणउतारा होत नाही. उलट त्याला एक मानाचे नाते मिळते. मुलीलाही 'नाही' हा शब्द उच्चारावा लागत नाही.

येथेच खरी अडचण आहे. 'नाही' हा शब्द उच्चारण्याऐवजी धागा का बांधावा लागतो? कारण साधा नकार पुरेसा मानला जात नाही. 'मला तुझ्याविषयी तसे वाटत नाही' हे वाक्य अपुरे ठरते आणि 'तू माझा भाऊ आहेस' हे वाक्य पुरेसे ठरते, याचा अर्थ असा की मुलीच्या इच्छेपेक्षा नात्याला अधिक वजन आहे. राखी तिला वाचवते, पण तिचा नकार जेथल्या तेथे राहतो.

दुसऱ्या बाजूला 'मानलेला भाऊ' हा बुरखाही आहे. घरी मित्र म्हणून ओळख करून देता येत नाही, म्हणून भाऊ म्हणून करून दिली जाते. यात कोणी खोटारडे असते असे नाही. आपल्या घरांच्या शब्दकोशात 'मित्र' हा शब्द मुलीसाठी अजून नीटसा आलेला नाही, एवढेच. ज्या दिवशी मुलगी आईला सरळ सांगू शकेल की हा माझा वर्गमित्र, आम्ही मिळून प्रकल्प करतो, त्या दिवशी राखी पुन्हा फक्त भावाबहिणींची राहील आणि तिचाही मान वाढेल.

६. गुलाब, पट्टा आणि तिळगूळ

'डे' साजरे करण्याची पद्धत महाराष्ट्रातील महाविद्यालयांत विशेषतः १९९० नंतर फोफावली. साडी डे, टाय डे, ट्रॅडिशनल डे, चॉकलेट डे, रोझ डे ही नावे आता कोणाला परकी वाटत नाहीत. १९७९ मध्ये सुरू झालेल्या आर्चीजसारख्या भेटकार्डांच्या व्यवसायाचा, नव्वदीच्या दशकात घराघरांत आलेल्या उपग्रह वाहिन्यांचा आणि १९९८ च्या 'कुछ कुछ होता है'सारख्या चित्रपटांचा त्यात मोठा वाटा होता. मैत्रीचा दिवस भारतात ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिन ठरवला, तरी आपल्या कट्ट्यांनी आपला रविवार सोडला नाही. रविवारी महाविद्यालय बंद असते, म्हणून पट्टे शनिवारी नाही तर सोमवारी बांधले जातात.

फ्रेंच विद्वान मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये देणगीवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवले की भेट कधीच फुकट नसते. देणे, घेणे आणि परत देणे अशी तीन बंधने तिच्याबरोबर येतात. मैत्रीच्या पट्ट्यांकडे पाहा. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टे बांधून घेतलेला विद्यार्थी आपली श्रीमंती मिरवतो, आणि ज्याच्या हातावर एकही नाही तो दिवसभर बाह्या खाली करून फिरतो. गुलाबाचे तर आणखी कठीण. तो सर्वांसमक्ष पुढे केला जातो तेव्हा घेणाऱ्या मुलीपुढे दोनच वाटा उरतात. घेतला तर होकार धरला जातो. नाकारला तर 'भाव खाते' असे म्हटले जाते. देणाऱ्याला विचार करायला आठवडा मिळालेला असतो. घेणारीला मिळतात दोन क्षण आणि भोवती शिट्ट्या वाजवणारे मित्र. अशा स्थितीत मिळालेल्या होकाराला होकार म्हणावे काय, याचा विचार मुलांनी प्रामाणिकपणे केला पाहिजे.

याच्या शेजारी आपल्या दोन जुन्या रीती ठेवून पाहाव्यात. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतात. संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनवणी करतात. पान झाडाचे, तीळ चिमूटभर. देणाऱ्याची ऐपत त्यात दिसत नाही. ते सर्वांना द्यायचे असते, निवडलेल्या एकालाच नाही. आणि भांडण झालेल्यालाही ते द्यायचे असते. किंबहुना त्यालाच आधी. याचा अर्थ गुलाब परका म्हणून टाकून द्यावा असा नव्हे. २००० च्या सुमारास व्हॅलेंटाइन दिनाला विरोध म्हणून काही शहरांत भेटकार्डांच्या दुकानांची मोडतोड झाली. त्याने संस्कृती राखली गेली असे कोणी म्हणणार नाही. सांगायचे एवढेच की रूढी कोठून आली यापेक्षा ती माणसाशी कशी वागते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

७. उंबरठ्याबाहेरचे जग

महाविद्यालयाच्या फाटकातून आत येताना जात बाहेर ठेवली जाते, असा एक गोड समज आहे. २०१६ चा 'सैराट' हा चित्रपट पाहिलेल्यांना तो टिकवता येणार नाही. त्यातील प्रेम गावातील महाविद्यालयाच्या आसपास उमलते. पण त्याच महाविद्यालयाच्या वर्गात पुढाऱ्याचा मुलगा नव्या शिक्षकाच्या कानशिलात मारतो आणि सत्ता कोणाची ते दाखवून देतो. गाव आणि वर्ग यांच्यात जी भिंत आपण कल्पिली, ती प्रत्यक्षात कुडाची आहे.

२०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेर झालेल्या विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्के आढळले. म्हणजे कट्ट्यावर शेजारी बसणारे शंभरजण लग्नाच्या मांडवात पुन्हा आपापल्या ओळीत उभे राहतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने मुलीला १८ व मुलाला २१ वर्षे पूर्ण झाल्यावर धर्म-जात न पाहता विवाहाचा मार्ग खुला केला. पण त्यातील ३० दिवसांच्या नोटिशीची मुदत हीच अनेक जोडप्यांना भीतीची वाटते, कारण तेवढ्यात बातमी घरी पोहोचते.

मोठ्यांची काळजी कोणत्या थराला जाते, याचेही उदाहरण आपल्या राज्यात आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वे येथे एका महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनींना प्रेमविवाह न करण्याची शपथ देण्यात आली. हुंडा मागणाऱ्या घरात लग्न करणार नाही, अशीही ओळ त्या शपथेत होती. त्या वेळी राज्यात स्त्रियांवरील हल्ल्यांच्या घटनांनी पालक हवालदिल झाले होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु हल्ला करणारा मुलगा आणि शपथ घेणारी मुलगी, हा न्याय कोठला? शपथच द्यावयाची तर ती नकार ऐकून घेण्याची द्यावी आणि मुलांनाही द्यावी.

८. नकाराची कसोटी

वरील विवेचनावरून कोणत्याही महाविद्यालयीन रूढीसाठी तीन प्रश्नांची कसोटी सुचवता येते. एक : या रूढीत मान न गमावता 'नाही' म्हणता येते काय? दोन : वर्गातील सर्वांत गरीब विद्यार्थ्याला तिच्यात भाग घेता येतो काय? तीन : प्रसंग संपल्यावर दोघांना उद्या त्याच वर्गात शेजारच्या बाकावर बसता येते काय?

या कसोटीला तिळगूळ उतरतो, एकत्र डबा उतरतो, तालीम उतरते. शेलापागोटे चाळणी असेल तर उतरतात. सर्वांसमक्ष दिलेला गुलाब उतरत नाही. एकांतात नव्हे, पण शांतपणे विचारलेला आणि उत्तरासाठी वेळ दिलेला प्रश्न उतरतो. नवागतांचे 'स्वागत' ज्या क्षणी सक्तीचे होते त्या क्षणी त्याचे नाव बदलते, आणि महाराष्ट्रात १९९९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे.

कायद्याची माहिती प्रत्येक विद्यार्थ्याला असावी म्हणून थोडक्यात देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली; २०१३ मध्ये त्याविषयी कायदा झाला; आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर त्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही तिचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणे किंवा तिच्याशी संपर्क साधू पाहणे हा २०१३ पासून गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आला आहे. चित्रपटातला नायक गाणे म्हणत जे तीन तास करतो, त्यातले बरेचसे या कलमात बसते.

परंतु कायदा हा शेवटचा आधार आहे. त्याआधी मित्रांचे काम येते. मुलगा मुलीच्या मागे लागतो तेव्हा तो बहुधा एकटा नसतो. त्याच्या मागे त्याला ढकलणारे चार मित्र असतात. 'जा, विचार, घाबरतोस काय' म्हणणारी तोंडे तीच असतात. या चौघांपैकी एकाने जरी 'तिने नाही म्हटले ना, मग चल, चहा घेऊ' असे म्हटले, तर पुष्कळ अनर्थ टळतील. नाकारल्या गेलेल्या मुलाचे दुःखही खरे असते. त्याची टवाळी न करता त्याच्याजवळ बसणे, त्याच्याबरोबर दोन संध्याकाळी फिरून येणे, हीदेखील मैत्रीची रूढी व्हावयास हवी. आज ती कोणत्याही 'डे'च्या यादीत नाही.

समारोप

महाविद्यालयीन रूढी या पोरकटपणाचा खेळ नाहीत आणि पवित्र वारसाही नाहीत. नात्याबाहेरच्या माणसाशी माणूस म्हणून बोलता यावे, या एका मोठ्या गरजेतून विद्यार्थ्यांनी त्या घडवल्या. काही रूढींनी बोलण्याची सोय केली, काहींनी एकाचे बोलणे आणि दुसऱ्याचे गप्प राहणे पक्के केले. ज्या घडवल्या गेल्या त्या बदलताही येतात. आणि दर तीन वर्षांनी सारी वस्ती नवी होणाऱ्या गावात हा बदल इतर कोणत्याही गावापेक्षा लवकर होऊ शकतो.

तेव्हा येत्या स्नेहसंमेलनाच्या समितीला एक साधी सूचना करावीशी वाटते. शेलापागोट्यांच्या पेटीला एक मुलगा आणि एक मुलगी असे दोन चाळणीदार नेमावेत. रोझ डेऐवजी, किंवा हवे तर त्याच्या जोडीला, एक दिवस सर्वांनी घरची भाकरी आणून मैदानावर एकत्र जेवावे. कोणाच्या डब्यात काय आहे याचा उल्लेख न करता. त्या पंगतीत ज्याच्याशी वर्षभर एक शब्दही बोललो नाही त्याच्या शेजारी बसावे. साताऱ्याच्या वसतिगृहात शंभर वर्षांपूर्वी मुलांनी हे केले होते, आणि त्यासाठी त्यांना ना पट्टा लागला ना गुलाब.